बंडीचा सीन आधी लिही

घाटंजी तालुक्यातल्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. त्याला चाळीस मिनिटांची डार्क थ्रिलर फिल्म करायची आहे. त्याच्या शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी एक माणूस रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, गेला तो परत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी प्रेत विहिरीत मिळालं. गाव म्हणालं, पिऊन पडला असेल. पुढे कळलं की दुसऱ्याच्या धुऱ्यावर रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटच्या तारेला तो चिकटला होता, आणि वावरवाल्यानं आणखी तिघांना घेऊन प्रेत बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घातलं आणि विहिरीत टाकलं. मित्राकडे पेपरची कात्रणं आहेत. तो विचारतो: ही खरी घटना घ्यावी, की एखादी गाजलेली कादंबरी? मोठे दिग्दर्शक मूळ घटनेचं किंवा पुस्तकाचं नेमकं करतात काय? आणि परवानगी कुणाची घ्यावी लागते?

मनापासून विचारलंस, म्हणून सविस्तर सांगतो. वयानं लहान आहेस, तू म्हणतो. मी सात वर्षं तालुका कोर्टासमोर टेबल टाकून टायपिंग केलं. जामिनाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वकिलांना लागणाऱ्या जबाबांच्या आणि पंचनाम्यांच्या प्रती. मग झाडीपट्टीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या मंडपातल्या रंगभूमीसाठी, नाटकं लिहिली, आणि आता बारा-तेरा वर्षं पटकथा आणि संवाद लिहितो. त्यातला बराच माल खून-दरोड्याचाच आहे.

तुझ्या घटनेतला मृत्यू हा तुझ्या फिल्मचा विषय नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. ती तार कुणाला मारायला लावलेली नव्हती. डुकरं एका रात्रीत एकरभर हरभरा उलथून टाकतात, माणूस जेरीस येतो, खांबावर आकडा टाकतो, खुंट्यांवरून उघडी तार फिरवतो. बेकायदेशीर आहे, जीवघेणं आहे, पण त्यात वैर नाही. गोष्ट सुरू होते ती पहाटे. वावरवाला येतो, बॅटरीच्या उजेडात तारेपाशी पडलेला माणूस दिसतो, आणि तो ठाणेदाराला फोन लावायच्या ऐवजी शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारतो. तिथून बैल बंडीला जुंपेपर्यंतचा जो अर्धा तास आहे, त्यात चार माणसं काय बोलली, कोण आधी नाही म्हणाला, पाय कुणी धरले, ही तुझी फिल्म.

कायदासुद्धा हा फरक करतो. तारेनं जीव गेला तर सदोष मनुष्यवधाचं किंवा निष्काळजीपणाचं कलम लागतं. प्रेत हलवलं, विहिरीत टाकलं, त्याचं कलम वेगळं: जुन्या भादंविचं २०१, आता भारतीय न्याय संहितेचं २३८. तारेसाठी एक आरोपी, बंडीसाठी चार. या चौघांतले तिघे आदल्या रात्री झोपले तेव्हा त्यांच्या हातून काहीच झालेलं नव्हतं. मला तरी यापेक्षा काळोखी गोष्ट ठाऊक नाही.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' तुला आवडतो असं लिहिलंस. कॉर्मॅक मॅकार्थीनं हे आधी पटकथा म्हणून लिहिलं होतं, मग २००५ मध्ये त्याची कादंबरी झाली आणि २००७ मध्ये कोएन बंधूंचा सिनेमा. मूळ पुस्तकाला इतका धरून राहिलेला थ्रिलर क्वचितच मिळतो. त्यात मॉस नावाच्या माणसाला वाळवंटात प्रेतं, ड्रग आणि पैशांची बॅग सापडते. बॅग तो घरी आणतो. इथपर्यंत त्याला कुणीच पाहिलेलं नाही. पण गाडीत एक माणूस जिवंत होता, तो पाणी मागत होता. मॉसला रात्री झोप येत नाही आणि तो पाण्याचं भांडं घेऊन परत जातो. तिथं तो सापडतो. लोक त्या सिनेमातल्या मारेकऱ्याची केशरचना आणि नाणेफेक लक्षात ठेवतात. मी लिहायला बसलो की मला ते पाणी आठवतं. एका माणसानं केलेली एक निवड, तीही चांगुलपणानं केलेली, आणि पुढचे दीड तास तिचेच. कोएन बंधूंनी पुस्तकातलं हे जसंच्या तसं ठेवलं, कारण ते काढलं तर खाली काहीच उरत नव्हतं.

आता 'सायको'. ही सामग्री कशी प्रवास करते ते बघ. १९५७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफिल्ड या लहानशा गावात एड गीन नावाचा माणूस खुनासाठी पकडला गेला. तिथून साठेक किलोमीटरवर रॉबर्ट ब्लॉक हा लेखक राहत होता. त्याला खटल्याचा तपशील फारसा माहीत नव्हता. त्याला ओढ लागली ती एकाच प्रश्नाची: जिथं प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत असतं, अशा खेड्यात हा माणूस वर्षानुवर्षं राहिला आणि कुणाला संशय कसा आला नाही? त्यावर त्यानं १९५९ मध्ये कादंबरी लिहिली. कादंबरीतला खुनी नॉर्मन बेट्स चाळिशीचा, जाडसर, दारू पिणारा आहे. हिचकॉकनं १९६० मध्ये सिनेमा केला तेव्हा त्या जागी अँथनी पर्किन्स आणला: कोवळा, सडपातळ, लाजरा. गोष्टीचा सांगाडा तोच राहिला, पण प्रेक्षक त्या पोराच्या बाजूनं झाला. गाडी दलदलीत बुडताना मध्येच अडकते तेव्हा आपलाही श्वास अडकतो, की बुडते की नाही. खून झालेल्या बाईची गाडी बुडावी असं आपल्याला वाटतं! खऱ्या घटनेतून लेखकानं प्रश्न घेतला, दिग्दर्शकानं लेखकाकडून सांगाडा घेतला आणि माणूस बदलला. रक्तपाताचं वर्णन उचलून या दोघांचं काम झालं नसतं.

ब्लॉकचा प्रश्न तुझ्या गावाला उलटा लागू पडतो. तिथं कुणालाच संशय आला नाही. आपल्याकडे तिसऱ्या दिवसापर्यंत निम्म्या गावाला माहीत झालं असेल. बंडीची चाकोरी विहिरीपर्यंत गेलेली गुराख्याला दिसली असेल. बायकांना नळावर कळलं असेल. पोलीस पाटलालाही अंदाज असेलच. तरी मर्ग, म्हणजे पोलिसांतली अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला तो 'विहिरीत पडून मृत्यू' असाच. गाव गप्प का राहिलं? भीतीनं? की निम्म्या वावरांत तशीच तार होती म्हणून? हे शोध. हे तुला पेपरच्या कात्रणात मिळणार नाही.

कात्रणांचं म्हणशील तर ती बाजूला ठेव. बातमी ठाण्यातून मिळालेल्या माहितीवर पहिल्या दिवशी लिहिली जाते आणि पहिल्या दिवशी कुणालाच काही माहीत नसतं. खटला चालून निकाल लागला असेल तर निकालपत्र मिळव. यवतमाळ किंवा केळापूरच्या सत्र न्यायालयातला असेल, ई-कोर्टच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा मिळतो. त्यात दोन्ही बाजू असतात, उलटतपासणीत कोण कुठं घसरलं ते असतं, कुठला पंच फितूर झाला ते असतं. आणि वैद्यकीय पुरावा असतो, जो तुझ्या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे. विहिरीत बुडून मेलेल्या माणसाच्या फुप्फुसांत पाणी जातं, नाकातोंडाशी फेस येतो. मेल्यावर पाण्यात टाकलेल्याचं तसं नसतं. करंटची खूण लहान असते, मध्ये खोलगट, कडा उचललेल्या, फिकट. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या अंगावर ती सहज नजरेआड होते. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं ती पाहिली की नाही, यावर तुझी आख्खी मधली वीस मिनिटं उभी राहू शकतात. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून अमरावती नाही तर नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवालाला महिने लागतात. ते महिने गाव कसं काढतं, ते चार जण पोळ्याला एकमेकांसमोर कसे येतात, हेही तिथंच लपलेलं आहे.

टायपिंगच्या दिवसांतली, तारेच्याच एका दुसऱ्या प्रकरणातल्या पंचनाम्याची एक ओळ मला अजून पाठ आहे. 'मयताच्या उजव्या पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर असून डाव्या पायातील स्लीपर मिळून आली नाही.' तेव्हा मी ती न थांबता टाईप केली. अकरा दिवसांनी ती स्लीपर दुसऱ्याच्याच वावरात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासात, मातीत अर्धी रुतलेली मिळाली आणि केस पालटली. प्रेत उचलणाऱ्यांनी अंधारात सगळं नीट केलं होतं, रक्त नव्हतंच, तार गुंडाळली होती, पण एक पाय उघडा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं मी कितीही पटकथा लिहिल्या, असा तपशील मला बसल्या जागी सुचलेला नाही. म्हणून सांगतो, कागद वाच. पंचनाम्याची भाषा कोरडी असते, पण पंचनामा लिहिणारा जमिनीकडे बघत असतो.

'मेमरीज ऑफ मर्डर' पाहिला नसशील तर आधी तो बघ. बोंग जून-हो, २००३. दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ दरम्यान दहा बायकांचे खून झाले. त्यावर आधी एक नाटक झालं आणि त्या नाटकावरून हा सिनेमा. सुरुवातीच्या एका खुनाच्या जागी भातखाचराच्या कडेला पावलाचा ठसा मिळालाय, पोरं हुंदडतायत, पोलीस ओरडतोय, आणि समोरून एक ट्रॅक्टर येतो आणि ठशावरून निघून जातो. बस, तेवढंच. कोरियन खेड्यातला तो ट्रॅक्टर पाहून मला आपलाच तालुका दिसला होता. सिनेमा निघाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, म्हणून बोंगनं शेवटही न सापडण्याचाच केला आणि शेवटच्या शॉटमध्ये तो जुना पोलीस थेट कॅमेऱ्याकडे बघतो. न जाणो, तो माणूस थिएटरात बसलेला असेल. पुढे २०१९ मध्ये डीएनएवरून खुनी कळला. तो १९९४ पासून दुसऱ्याच खुनासाठी तुरुंगात होता. आणि त्यातल्या एका खुनासाठी ज्याला पकडलं होतं, वीसेक वर्षं तुरुंगात ठेवलं होतं, तो २०२० मध्ये निर्दोष ठरला. सिनेमात पोलीस निरपराधांना झोडपून कबुलीजबाब घेताना दिसतात ते सतरा वर्षांनी असं खरं झालं. बोंगला खुनी माहीत नव्हता. पण ते ठाणं त्यानं नीट पाहिलं होतं.

आता कादंबरी घ्यावी का? घ्यायला हरकत नाही, पण नकल करू नकोस, तिला आपल्या वावरात पेर. विशाल भारद्वाजनं शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून २००६ मध्ये 'ओमकारा' केला. मूळ नाटकात संशय पेटतो तो रुमालावरून. उत्तर प्रदेशातल्या गावगुंडांच्या जगात बायकोचा हरवलेला रुमाल म्हणजे काय? काहीच नाही. त्यानं रुमालाचा कमरबंद केला, घराण्याचा, पिढीजात. एका वस्तूनं चारशे वर्षांचं नाटक तिथल्या मातीत उतरलं. त्याच्याच, 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'मकबूल'मध्ये चेटकिणींचे दोन पोलीस झाले, कुंडल्या मांडणारे. तू 'ऑथेल्लो' राळेगाव-घाटंजीकडे आणलास तर रुमालाच्या जागी काय ठेवशील? डोरलं? जोडवं? हा प्रश्न आठवडाभर डोक्यात ठेव, तुला रूपांतर म्हणजे काय ते आपोआप उमगेल. 'अंधाधुन' (२०१८) तर जेमतेम पंधरा मिनिटांच्या फ्रेंच शॉर्ट फिल्मवरून स्फुरला. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवाला आणि त्याच्यासमोर प्रेत, एवढा एकच प्रसंग घेतला, बाकी सगळं नवं उभं केलं.

मराठीतलं उदाहरण मानवतचं. परभणी जिल्हा, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचे खून, गुप्तधन आणि नरबळीच्या संशयानं भरलेलं प्रकरण. त्यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला 'आक्रीत' १९८१ मध्ये आला. माणसांची नावं बदललेली, आणि नजर त्या घरात, त्या पुरुषाच्या आणि बाईच्या हव्यासात. २०२४ मध्ये त्याच प्रकरणावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, ती तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवरून, म्हणून तिथं आपण तपासाबरोबर चालतो. प्रकरण एक, मूळ सामग्री दोन, सिनेमेही पार वेगळे. तेव्हा घटना कुठली घ्यायची हे ठरलं तरी कुणाच्या डोळ्यांनी बघायची हे उरतंच. तुझ्या गोष्टीत मी वावरवाल्याचे डोळे घेणार नाही, मेलेल्याच्या बायकोचेही नाही. चौघांतला जो सगळ्यात लहान, ज्याला झोपेतून उठवून आणलं, ज्याचे बैल होते, त्याचे घेईन. तो पहाटे बैलांना पाणी पाजायला जातो आणि बैल बंडीजवळ यायला तयार नसतात. पण ही माझी निवड. तू तुझी कर.

परवानगीचं नीट ऐक, इथं पोरं फसतात. पुस्तकावर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांची पुस्तकं तुला बसस्टँडवर वीस रुपयांत मिळाली म्हणून ती फुकट झालेली नाहीत, हक्कदारांकडून लेखी घे. नुसत्या कल्पनेवर मात्र कुणाचा हक्क नसतो, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात तेच सांगितलं. न्यायालयाचा निकाल आणि सार्वजनिक नोंदी वापरायलाही साधारणपणे कुणाची परवानगी लागत नाही. पण खटला चालू असेल तर थांब. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' तयार होऊन पडला होता, मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली होती, कारण त्या स्फोटांच्या खटल्याचा टाडा न्यायालयातला निकाल बाकी होता. तो प्रदर्शित झाला २००७ मध्ये. आणि लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पीडितेची ओळख कुठल्याच मार्गानं उघड करायची नाही. नाव नाही, गाव नाही, ओळखू येईल असं नातं नाही. हे कलम आलं कुठून, ठाऊक आहे? १९७२ मध्ये आपल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ओळख उघड करण्यावरची बंदी त्याच दुरुस्तीत आली. मी नाटकांच्या बुकिंगसाठी वडशाला, म्हणजे त्याच देसाईगंजला, शेकडो वेळा गेलोय, स्टेशनावर उतरताना दर वेळी ते मनात येतं.

कायद्यापलीकडचंही आहे. ट्रुमन कपोटीनं कॅन्ससमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या १९५९ मधल्या हत्येवर 'इन कोल्ड ब्लड' लिहिलं. १९६७ च्या सिनेमाचं चित्रीकरण त्याच घरात झालं, जिथं ती चार माणसं मारली गेली होती. सिनेमा उत्तम आहे, पण मी ते केलं नसतं. तू त्या विहिरीवर कॅमेरा लावू नकोस. विहिरी आपल्याकडे कमी नाहीत. आणि स्क्रिप्टचा पहिला शब्द लिहायच्या आधी त्या माणसाच्या घरी जा. परवानगीचा कागद घेऊन नको, तसाच जा, बस, चहा घे. बायको, आई, जे कोण असेल त्यांना सांग की मी असं करतोय, नाव-गाव बदलणार आहे. एकदा एका घरी मी गेलो नव्हतो. नाटक लागलं, त्या घरातली मुलगी प्रेक्षकांत होती, आणि बापाच्या मरणाच्या सीनला लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिचा चेहरा मी मंडपाच्या कडेनं पाहिला. दुसऱ्या दिवशी तो सीन काढला, पण तिनं तर पाहिला होता.

ताण कसा टिकवायचा ते मी कुठल्याही पुस्तकातून नाही, झाडीपट्टीच्या मंडपात शिकलो. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं, लोक चादरी गुंडाळून बसलेले. दोनच्या सुमाराला प्रयोग ढिला पडला की मागच्या रांगा उठून चहाच्या टपरीकडे जातात. मी टपरीपाशी उभा राहून मोजायचो. खुनाच्या सीनला लोक उठायचे नाहीत, पण खून झाल्यावर लगेच उठायचे. बसून राहायचे ते तेव्हा, जेव्हा प्रेत पलंगाखाली आहे आणि शेजारीण साखर मागायला आलीय. म्हणून तारेचा सीन दाखवूच नको असं मी म्हणेन. डीपीची (विजेच्या ट्रान्सफॉर्मरची) घरघर ऐकव, ती एकदम थांबू दे, लाईन गेली की काय असं वाटू दे, आणि थेट पहाटेवर ये.

दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की मी वडशातच असतो. पूर्ण स्क्रिप्ट नको आणू. चार माणसं, एक बंडी, पहाटेचे चार, एवढा एकच सीन लिहून आण, आठ पानांचा. डाव्या पायाची स्लीपर वापरायची असेल तर खुशाल वापर.